कापडाची खूण

दुभाषीने दोन्ही मुठी छातीपाशी आणल्या, एकमेकींवर घट्ट दाबल्या आणि झटक्यात उघडल्या. पहिल्या रांगेत बसलेली तिची आत्या खुर्चीखाली वाकली.

आत्याने सत्तरी ओलांडलेली, गुडघे कायम कुरकुरणारे. पण त्या क्षणी ती ज्या चपळाईने खाली गेली ते पाहून शेजारचे दोघेही वाकले. मागच्या रांगेतले वाकले ते पुढचे वाकले म्हणून. तारांगणाच्या घुमटावर त्याच वेळी एक पांढरा ठिपका फुटून उजेडाचा लोळ चहूकडे धावत सुटला होता, आणि त्याच्याखाली बधिर मंडळाची चाळीस माणसं डोक्यावर हात घेऊन बसली होती. विश्वाचा जन्म इतका मनावर घेणारे प्रेक्षक त्या घुमटाने आजवर पाहिले नव्हते.

दिवे लागले. आत्या बाहेर आली, छत जागेवर असल्याची तिने खात्री करून घेतली आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसायला लागली. मग सगळे हसले. फक्त दुसऱ्या रांगेत बाबा उठून उभे राहिले. बाबा शिंपी. कापडावर काय किंवा बोलण्यात काय, तिरका टाका त्यांना खपत नसे. शेवटच्या रांगेलाही दिसावं म्हणून त्यांनी हात उंच केले आणि मुलीला विचारलं,

"देवाने बॉम्ब टाकला?"

बधिरांचं बोलणं हातांनी होतं, पण असतं ते बोलणंच. त्यात टोमणे असतात, पुटपुटणं असतं, आरडाओरडाही असतो. बाबा त्या वेळी ओरडत होते.

"सर म्हणाले महास्फोट," तिनेही हातांनीच उत्तर दिलं. "मी स्फोट केला."

"सर म्हणतील ते करशील?"

"बाबा, माझं कामच ते आहे."

यावर बाबांनी ठेवणीतलं हत्यार काढलं. त्यांनी डोळे मिटले. ऐकणाऱ्या माणसाला निदान पाठमोरं असताना दोन शब्द सुनावता येतात; डोळे मिटलेल्या बधिर माणसापुढे भलाभला वकील हात टेकेल. आत्याने भावाचा दंड धरला आणि त्याला तसंच जिन्यापर्यंत नेलं. जिना उतरताना मात्र बाबांनी डोळे किलकिले केले, कारण राग कितीही खरा असला तरी पायऱ्या चौदा होत्या.

खाली नियंत्रणाच्या टेबलापाशी तारांगणाचे व्याख्याते उभे होते. त्यांना सगळे सर म्हणत. बोलणं हातांनी झाल्यामुळे त्यांना त्यातलं अक्षरही कळलं नव्हतं.

"काय झालं हो?"

"तुमचा स्फोट फार चांगला झाला, सर."

सरांनी तिला ती खूण पुन्हा करायला लावली. तिने मुठी उघडल्या तशी त्यांनी कपाळाला हात लावला.

"अहो, हे चूक आहे."

"शब्द तुमचाच आहे."

"शब्दच लबाड आहे. स्फोट म्हटलं की एक जागा आली, भोवती मोकळं मैदान आलं, धूर आला, ठिकऱ्या आल्या. तसं काही नव्हतं. मुळात मैदानच नव्हतं. जे होतं ते सगळीकडे एकाच वेळी एकमेकांपासून लांब जायला लागलं. अजून जातंय. त्याला मध्य नाही, काठ नाही, आवाज तर नाहीच नाही."

"हे तुम्ही भाषणात सांगता ना."

"वीस वर्षं सांगतोय. ऐकणारे माना डोलावतात आणि बॉम्ब घेऊन घरी जातात. तुमचे लोक वाकले म्हणून मला आज कळलं." सर खुर्चीत बसले आणि स्वतःवरच खुदकन हसले. "पुढच्या शनिवारी याच मंडळींना पुन्हा बोलावतो. तोवर मला एक खरी खूण शोधून द्या."

*

दुकान खाली आणि घर वर. शनिवारपासून सोमवारपर्यंत मुलीने हात उचलले की बाबा डोळे मिटत. एकदा जेवताना त्या नादात त्यांनी मिठाऐवजी साखर वाढून घेतली आणि ते ताट तसंच संपवलं, पण डोळे उघडून चूक कबूल केली नाही.

खरी बातमी तिला सोमवारी आत्याकडून कळली.

"तो चर्चमधलं वाचन सोडतोय. येता रविवार शेवटचा," आत्याचे हात म्हणाले.

बधिरांच्या उपासनेत बाबा चौतीस वर्षं शास्त्रवाचन करत होते. पुस्तक स्टँडवर उघडं ठेवायचं, वेदीसमोर उभं राहायचं आणि छापील ओळ हातांनी सांगायची, हे त्यांचं रविवारचं काम. आठवडाभर ते लोकांच्या बाह्या आखूड करायचे. रविवारी त्यांची उंची दोन इंचांनी वाढायची.

अगदी पहिल्या वाचनाला त्यांच्या वाट्याला नेमकं पहिलं पान आलं होतं, सगळ्याची सुरुवात सांगणारं. त्यातला ‘निर्माण केलं’ हा शब्द त्यांना उमगेना. तेव्हाच्या म्हाताऱ्या पाळकांनी कागदावर लिहून दिलं, काही नव्हतं तिथे सगळं आणलं. बाबांनी बराच विचार केला. दुकानात रोज सकाळी कटिंगचं टेबल रिकामं असे आणि कापड पसरलं की दिवस सुरू होई. तेव्हा जोडीला आणखी एक बधिर कारागीर होता, आणि ‘कापड पसर’ अशी दोघांची आपसातली खूण होती. दोन्ही हातांची बोटं छातीसमोर टोकाला टोक लावून जुळवायची, मग तळवे खाली वळवून, बोटं फाकवत, हात अलगद दोन्हीकडे न्यायचे, सुरकुती काढत नेल्यासारखे. बाबांनी तीच केली. पाळकांना खुणांची भाषा येत नव्हती आणि समोरच्यांना दुसरी खूण ठाऊक नव्हती. चूक अशी रुजली. एक अख्खी पिढी, देवाने सकाळी सकाळी विश्वाचं कापड पसरलं, असंच समजून वाढली आणि त्यातून कोणाचं काही बिघडलं नाही.

बिघडवलं ते दुभाषीने. बाविसाव्या वर्षी नवीकोरी पदविका घेऊन ती घरी आली, त्याच आठवड्यात तिने बाबांपुढे खुणांचा शब्दकोश उघडला. निर्माण करणे : मुठीवर मूठ, दोनदा. "तुमची खूण चुकीची आहे, बाबा." बाबांनी पान नीट पाहिलं, मान हलवली आणि पुढच्या वाचनाला पुन्हा कापडच पसरलं. पण तेव्हापासून त्या ओळीवर त्यांचे हात घाईने जाऊ लागले, शिवण बिघडलेली जागा गिऱ्हाइकाच्या नजरेतून सुटावी तसे. हे फक्त तिला दिसत होतं. गेली एकोणीस वर्षं दिसत होतं.

यंदा चर्चमध्ये नव्या पाळकबाई आल्या होत्या. कामाला वाघ, आणि खुणा शिकायला बधिरांच्या शाळेत जाऊन पोरींच्या बाकावर बसणाऱ्या. त्या पोरींनीच त्यांना विचारलं, देवाने कापड कशाला पसरलं, त्याला काय शिवायचं होतं? पाळकबाईंनी दुभाषीला विचारलं, बरोबर खूण कोणती? दुभाषीने शब्दकोशातलं पान सांगितलं आणि विसरून गेली. पाळकबाईंनी तारांगणाच्या दोन दिवस आधी बाबांना अगदी नम्र चिठ्ठी दिली. बाबांनी तिच्याच पाठीवर लिहून परत केली : मान्य. पहिलं पान येईल त्या रविवारी नवी खूण करतो. त्यानंतर वाचन दुसऱ्या कोणाला द्यावं. हात थकले.

"खरंच थकलेत?" दुभाषीने विचारलं.

"आज सकाळीच दोन कोट कापले त्याने," आत्या म्हणाली. "वर माझ्या ब्लाऊजला नावं ठेवली."

म्हणजे बॉम्बचं नुसतं निमित्त होतं. मिटलेल्या डोळ्यांमागे हे होतं. दुभाषीला आपल्या त्या पदविकेची मनापासून लाज वाटली. खाली जाऊन बाबांना मिठी मारावी असं तिला वाटलं, पण खाली मशीन सुरू होतं आणि मशीनवर असताना बाबांना कोणी हात लावलेला चालत नसे.

*

बुधवारी दुपारी सर दुकानात आले. बरोबर एक पिशवी, पिशवीत पँट.

"खालची शिवण उसवली आहे," ते म्हणाले. दुभाषीने ते हातांनी सांगितलं.

पाहुणा आला म्हटल्यावर बाबांना डोळे उघडे ठेवणं भाग होतं. त्यांनी पँट उजेडाकडे धरली, दोरे बघितले आणि सरांकडे चष्म्यावरून पाहिलं. त्यांचे हात हलले आणि दुभाषीला हसू आवरेना. दुभाषीच्या धंद्याचा नियम असा की समोरचा जे बोलेल ते जसंच्या तसं, त्याच्याच तोंडून बोलल्यासारखं बोलायचं. तिने आवाज दिला :

"ही उसवलेली नाही. कोणीतरी उसवलीय. ब्लेडने. आजच सकाळी."

सर कानापर्यंत लाल झाले.

"मला यायला काहीतरी कारण हवं होतं," त्यांनी कबूल केलं. "त्यांना सांगा, मी माफी मागायला आलोय. मी शास्त्राचा माणूस आहे, तरी चुकीचा शब्द वापरत होतो."

इथे दुभाषीचे हात अडले. आवाजात शास्त्र एकच; चर्चमध्ये वाचतात तेही शास्त्र आणि सर शिकवतात तेही. हातांत मात्र दोन खुणा होत्या. एकीत तळवे पुस्तकासारखे उघडायचे, दुसरीत एका नळीतून दुसऱ्या नळीत ओतायचं. तिने ओतलं.

"विचार त्यांना, आमचं शास्त्र वाचलंय का?" बाबा म्हणाले.

"आजी वाचून दाखवायची," सर म्हणाले. "आता नाही वाचत. पण आजीचा आवाज आठवतो."

बाबांनी मान डोलावली. माणूस निदान खोटं बोलत नव्हता, पँटचं सोडून. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं.

"बॉम्ब नाही, तर मग काय?"

सर सांगू लागले. मध्य नाही, काठ नाही. ठिकऱ्या मैदानात उडाल्या नाहीत, मैदानच वाढत गेलं. दुभाषी हातांनी धडपडत होती. वाढणं म्हटलं की रोप उगवत होतं, फुगणं म्हटलं की फुगा येत होता, आणि फुगा आला की बाबा लगेच विचारत, "फुंकणारा बाहेर कुठे उभा आहे?" सरांना घाम फुटला. त्यांनी खिशातलं पेन काढलं, परत ठेवलं.

बाबांनी फळीवरून बनियनच्या कापडाचा तुकडा ओढला. ताणलं जाणारं ते कापड त्यांच्या डोक्यात जायचं. त्यांनी त्यावर खडूने सात-आठ ठिपके दिले आणि दोन टोकं सरांच्या हातात दिली, दोन स्वतः धरली.

"ओढा."

ठिपके एकमेकांपासून लांब गेले.

"या कापडावर खूण जागेवर राहत नाही," बाबांनी एका हाताने सांगितलं. "या ठिपक्यावर उभे राहा, बाकीचे पळतात. त्याच्यावर उभे राहा, तरी बाकीचेच पळतात. म्हणून मी हे शिवत नाही."

सर तुकडा धरून तसेच बसून राहिले. वर्गात हेच ते रबर घेऊन करून दाखवत असत, पण रबराचा राग आलेला माणूस त्यांना कधी भेटला नव्हता.

"अगदी हेच," ते म्हणाले. "आणि कापडाच्या बाहेर?"

"बाहेर काय? माझं टेबल कापडाएवढंच आहे असं समजा. कापड जाईल तिथवर टेबल." आणि हे बोलताना, काही न ठरवता, बाबांचे हात छातीसमोर आले. बोटांची टोकं जुळली, तळवे वळले, बोटं फाकत अलगद दोन्हीकडे गेली.

"हे! हे काय केलंत?" सर स्टुलावरून उठलेच. "पुन्हा करा. हीच. हीच खूण हवी होती मला."

बाबांनी हात मांडीवर ठेवले. मग एकेक खूण सुटी सुटी करून बोलले. दुभाषीने ते बघितलं आणि नियमाप्रमाणे आवाज दिला, जसंच्या तसं :

"ती खूण चुकीची आहे. माझ्या मुलीला विचारा."

स्वतःच्या तोंडून हे वाक्य बाहेर पडताना तिचे कान तापले. सर तिच्याकडे वळले. त्यांना काहीच माहीत नव्हतं, त्यामुळे त्यांनी सरळच विचारलं.

"चुकीची आहे का हो?"

तिने हातांनी आणि आवाजाने एकदमच उत्तर दिलं, म्हणजे दोघांपैकी कोणाला आधी कळलं असं होऊ नये.

"खूण बरोबर आहे. चूक मी केली होती. बावीस वर्षांची असताना."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. तिला वाटलं आता डोळे मिटणार. ते मिटले नाहीत.

"एकोणीस वर्षं लागली तुला," ते म्हणाले.

"पदविका मोठी होती, बाबा."

बाबांच्या खांद्यांना हसू फुटलं. त्यांचं हसणं नेहमी खांद्यांपासून सुरू होई. दुभाषीचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसलेही नाहीत, कारण हात रिकामे हवे होते. बाबा पुन्हा सरांकडे वळले होते.

"चर्चमध्ये आम्ही ही खूण करतो तेव्हा आधी देव येतो. तुमच्याकडे कोण पसरवतो?"

सरांनी बराच वेळ बनियनच्या तुकड्याची घडी घातली.

"तुम्ही पँटचे कापलेले दोरे पाहिलेत आणि मला पकडलंत," ते म्हणाले. "आकाशाचा तसा दोरा माझ्या हाती नाही. किती वेगाने, किती काळ, हे मला मोजता येतं. मी म्हणतो, पसरलं. आणि तिथे थांबतो. कोणी पसरवलं नाही, असं मात्र माझ्या कुठल्याच मोजमापात निघालेलं नाही."

"मी दोरा शोधतच नाही," बाबा म्हणाले. "सकाळी उठतो, उजेड असतो, टेबल असतं, आभार मानावेसे वाटतात. आभार कोणाचे तरी मानावे लागतात."

"मलाही वाटतात," सर म्हणाले. "कोणाचे मानू, एवढंच कळत नाही."

दोघांच्या मध्ये उभ्या असलेल्या दुभाषीच्या तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. पसरलं आणि पसरवलं. आवाजात त्या दोघांमध्ये एक ‘व’ होता आणि प्रत्येक वेळी तो घ्यायचा की गाळायचा हे तिला ठरवावं लागत होतं. हातांत तो नव्हताच. तिने हे दोघांनाही सांगितलं.

"मग यांच्या खुणेत ‘व’ आहे की नाही?" सरांनी विचारलं.

उत्तरादाखल बाबांनी खूण पुन्हा केली. एकोणीस वर्षांनी पहिल्यांदाच ती घाई न करता झाली. दोघंही बघत राहिले.

"बघणाऱ्याने ठरवावं," बाबा म्हणाले. "न्या खूण. पण हात जपून. घाई केली की कापड गोळा होतं." आणि मग, धंद्याच्या सुरात, "पँट शनिवारी देतो. पुन्हा उसवू नका."

*

शनिवारी आत्या दाराजवळची खुर्ची धरून बसली. "आज बॉम्ब आहे का?" तिने आल्या आल्या विचारून घेतलं. नाही म्हटल्यावरही तिने पिशवी मांडीवरच ठेवली.

सरांनी त्या दिवशी तो लबाड शब्द तोंडातून काढला नाही. त्यांनी घुमटावरचं चित्रही बदलून घेतलं होतं. पांढरा ठिपका गेला. नुसता सगळीकडे सारखा, दाट उजेड. सर सावकाश बोलत होते आणि छोट्या दिव्याखाली दुभाषी उभी होती. तिने बोटांची टोकं जुळवली. वरचा उजेड विरळ होत गेला, त्यात अंतरं पडत गेली, अंतरांत तारे आले, आणि तिचे हात त्या चालीनेच बाजूला गेले.

कोणीही वाकलं नाही. शाळेतल्या पोरी आधी एकमेकींकडे बघायला लागल्या. मग त्यांच्यातली एक उठली आणि वरच्या उजेडात सगळ्यांना दिसेल असं म्हणाली, "हे तर आपल्या चर्चमधलं कापड!"

मग एकच गडबड उडाली. चाळीस माणसं ती खूण करून बघत होती, वर बघत होती, शेजाऱ्याला कोपराने ढोसून दाखवत होती. आत्याने पिशवी खाली टाकली आणि दोन्ही हात इतके लांब नेले की शेजारच्याचा चष्मा उडाला. तिसऱ्या रांगेत पाळकबाई आपल्याच हातांकडे तोंड उघडं टाकून बघत होत्या. दुसऱ्या रांगेत बाबा हातांची घडी घालून बसले होते, एखाद्या लग्नात आपण शिवलेला कोट दुसऱ्याच्या अंगावर बघावा तसे. दुभाषीला इतका आनंद झाला की सरांची पुढची तीन वाक्यं तिच्या हातून सुटली. ती कोणाला नको होती.

*

रविवारी बाबा वेदीसमोर उभे राहिले. शेवटच्या दोन रांगांत ऐकणारे नातेवाईक बसत. त्यांच्यासाठी दुभाषी बाजूला माइकपाशी बसून बाबांच्या हातांना आवाज देई. आज त्यातल्या शेवटच्या रांगेच्या टोकाला सर होते, नीट शिवलेली पँट घालून.

बाबा दिलेला शब्द मोडत नसत, आणि चिठ्ठीच्या पाठीवर ‘मान्य’ लिहिलेलं होतं. नवी खूण एकदा करायची आणि मग कायमचं मागच्या बाकावर जाऊन बसायचं, हे त्यांनी ठरवलं होतं. सकाळी तिने विषय काढला होता. "लिहून दिलंय," एवढंच ते म्हणाले होते.

बाबांनी पुस्तकातली पहिली ओळ पाहिली. एक बोट वर गेलं, देव. मग त्यांनी दोन्ही हातांच्या मुठी वळल्या आणि ते थांबले.

समोर सगळ्यांचे हात छातीशी आले होते. पुढच्या बाकावर पोरी, त्यांच्यामागे आत्या, त्यांच्यामागे बाकीचे. बोटांची टोकं जुळवून सगळे वाट बघत होते. बाबांनी पाळकबाईंकडे पाहिलं. त्यांना अजून शंभरेक खुणाच येत होत्या. त्यांनी हातातलं गीतांचं पुस्तक खुर्चीवर ठेवलं आणि आपलीही बोटं जुळवली, जरा वाकडी, पण जुळवली.

बाबांच्या मुठी सुटल्या. अजिबात घाई न करता त्यांनी कापड पसरलं, आणि त्यांच्याबरोबर ते सगळ्या बाकांवरून पसरत गेलं. दुभाषीने माइकमध्ये आवाज दिला, "पसरवलं." इथे देव आधी येऊन उभा होता, म्हणून तिने तो ‘व’ अगदी भरून उच्चारला.

सगळ्यांचे हात खाली आले, तेव्हा शेवटच्या रांगेत सरांचे हात नुकते वर येत होते. त्यांना ती एकच खूण येत होती आणि ती नेमकी केव्हा करायची हे कळलं नव्हतं. सगळं आटोपलेलं बघून त्यांनी ओशाळून हात मागे घेतले.

बाबांनी दुसऱ्या ओळीवर ठेवलेलं बोट उचललं.

"मागचे पाहुणे राहिले," ते सगळ्यांना म्हणाले. "पुन्हा."

आणि चौतीस वर्षांत कधी केलं नव्हतं ते त्यांनी केलं. वाचलेली ओळ पहिल्यापासून घेतली. बोट वर गेलं. सगळ्यांची बोटं जुळली, सरांचीही जुळली, आणि या वेळी बाबांनी त्यांच्याकडे बघत, त्यांना चाल सापडेपर्यंत थांबून, सावकाश हात बाजूला नेले. सर मान वर करून, डोळे ओले होऊ देत, त्यांच्यामागोमाग गेले. दुभाषीचा आवाज मात्र आला नाही. माइक तिच्या तोंडासमोरच होता, पण तिचे दोन्ही हात हवेत होते. शेवटच्या रांगांतल्या ऐकणाऱ्यांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं, आणि मग त्यांनीही हात वर घेतले.